उपाशीपोटीची साखर ठीक, तरी एचबीए१सी ८.१ : प्रयोगशाळा चुकली असेल का?

बासष्ट वर्षांच्या वडिलांची उपाशीपोटीची साखर नेहमी १०८ ते ११५ च्या दरम्यान येते, तरीही एचबीए१सी ८.१ आला, तेव्हा ही प्रयोगशाळेची चूक असेल का आणि इंदुरात राहून सकाळचे पोहे सोडावेच लागतील का, असे आपण विचारले आहे. चूक असण्याची शक्यता कमी आहे. पोह्यांकडे पुढे येतो. मी स्वतः मधुमेही आहे, इंदूरचाच आहे, आणि नेमक्या याच प्रश्नावरून माझे थोरल्या बंधूंशी वर्षानुवर्षे वाजत आले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

उपाशीपोटीची साखर रात्रभराच्या उपासानंतरच्या एका क्षणाची असते. एचबीए१सी मात्र लाल पेशींतील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते सांगतो, आणि या पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्यामुळे त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब उतरतो. ८.१ म्हणजे सरासरी सुमारे १८५. पहाटे ११० आणि सरासरी १८५ असेल, तर दिवसातून केव्हातरी साखर दोनशेच्या बरीच वर जात असणार, हे समजायला डॉक्टर असावे लागत नाही. ती केव्हा जाते हे पाहायचे असेल तर जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी मोजावी. साधारणपणे १८० च्या आत असावी, असे मानतात.

आमचे दादा हेच करत नसत. तपासणीची तारीख ठरली की आधीचे चार दिवस ते व्रतस्थ होत, जिलबी बंद, सराफ्यात म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात जाणे बंद, रात्री दुधीची भाजी आणि एक पोळी. मग सकाळी रक्त देऊन यायचे आणि ११२ चा कागद घरभर दाखवायचा. त्या कागदाच्या जोरावर पुढचे तीन महिने रात्री अकराला सराफ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद, आणि एकादशीला भरपेट साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. तो उपासाचा असल्यामुळे साखर वाढवत नाही, ही समजूत मधुमेही असलेल्या निम्म्या मराठी घरांनी जपलेली दिसते. मी काही बोललो की दादांचे ठरलेले वाक्य येई, ‘तुझा आकडा माझ्याहून जास्त आहे, तू मला शिकवू नकोस.’

एका रविवारी रामबागेत त्यांच्याकडे सगळे जमलो होतो. वहिनींनी पोहे केले होते, वर शेव, कांदा, जिरावण, आणि कोपऱ्यावरून आणलेली गरम जिलबी. मी अर्धी बशी घेऊन थांबलो, तेव्हा दादांनी सर्वांसमोर माझ्या पथ्याची थट्टा केली. मी म्हणालो की, ठीक आहे, दोन तासांनी आपण दोघेही मोजू. यंत्र माझ्या पिशवीत असतेच. दोन तासांनी दादांचे बोट टोचले, आकडा आला २६८. दादा म्हणाले, यंत्र बिघडले आहे. मग नवी सुई लावून पुतण्याचे बोट टोचले. तो तेवीस वर्षांचा, निरोगी, आणि दादांपेक्षा जास्तच जिलबी खाल्लेला. त्याची साखर ११८ आली. यंत्र तेच, पट्ट्यांची डबी तीच, पोहे एकाच कढईतले. मग दादांना आठवले की, मोजण्याच्या थोडे आधी त्यांनी जिलबीचा आणखी एक तुकडा उचलला होता आणि बोटाला पाक लागलेला असेल. ही हरकत मात्र अगदी रास्त होती, कारण बोटावरच्या साखरेने किंवा फळाच्या रसाने आकडा खरोखरच फुगतो. त्यांना साबणाने हात धुवायला लावले, नीट कोरडे करायला लावले आणि दुसऱ्या बोटातून रक्त घेतले. २६१.

यानंतर वाद संपायला हवा होता. संपला नाही. घरच्या यंत्राला पंधरा टक्क्यांपर्यंतची तफावत चालते हे त्यांनी कुठूनतरी शोधून काढले. ते खरेच आहे, पण २६१ मधून पंधरा टक्के वजा केले तरी २२२ उरतात. पुढे डॉक्टरांनी एचबीए१सी करवला, तो ८.४ आला, आणि दादांनी प्रयोगशाळेला दोष दिला. आपला प्रश्न वाचताना म्हणूनच मला हसू आले आणि थोडा रागही.

आता पोहे. ते सोडण्याची गरज मला पडली नाही. जिलबी सोडली, बशी अर्धी केली, आणि दुकानात गेलो तर उसळ-पोहे मागवून आधी उसळ खातो, नंतर पोहे. खाऊन झाल्यावर लगेच पंधरा मिनिटे चालतो. एवढ्याने माझी साखर १७० च्या आसपास राहते. वडिलांची किती राहील हे त्यांच्याच बोटातून कळेल, माझ्या उत्तरातून कळणार नाही. शेंगदाणे हवे तेवढे टाकून घ्यावेत. पोह्यांत साखर कुठे असते, असे विचारणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

प्रयोगशाळेच्या चुकीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. शरीरात लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, आणि नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा लाल पेशी लवकर नष्ट होत असतील तर कमी. तेव्हा हिमोग्लोबिन तपासले नसेल तर ते अवश्य पाहावे. दुसरे असे की, वडील ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेत असतील, तर माझे ऐकून एकदम खाणे अर्धे करू नये. साखर ७० च्या खाली उतरली तर घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो आणि तेव्हा ताबडतोब तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी लागते. गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांनीच बदलावे. एचबीए१सी सात टक्क्यांच्या आत हे लक्ष्यही सर्वांना सारखे नसते, वय आणि इतर आजार पाहून ते सैल केले जाते.

आणि वडिलांचे डोळे बाहुल्या मोठ्या करून तपासून घ्या, दरवर्षी. दादा हे आजही टाळतात, कारण त्यांना हल्ली वर्तमानपत्र चष्म्याशिवाय वाचता येते आणि ते याचा अभिमान बाळगतात. साखर वाढली की डोळ्यातील भिंगात पाणी शिरून चष्म्याचा नंबर बदलू शकतो, त्यामुळे जवळचे अचानक स्पष्ट दिसू लागणे हे उलट तपासणीला जाण्याचे कारण आहे. दृष्टिपटलावरचा मधुमेहाचा परिणाम सुरुवातीला दुखत नाही आणि दिसण्यातही फरक पडू देत नाही, हे मी त्यांना वहिनींच्या देखत अनेकदा सांगितले आहे. आपले वडील कदाचित आपले ऐकतील.