‘गर्भपात’ झाला की केला?

ऐरोलीच्या एका बाईंनी विचारलंय: गर्भपात कायद्याच्या दुरुस्तीवर मार्च २०२१ मध्ये राज्यसभेत चर्चा झाली, तेव्हापासून ‘गर्भपात’ म्हटलं की लोक मुद्दाम केलेलाच धरतात. मग आपोआप झालेल्याला ‘गर्भस्राव’ म्हणावं का? रजेच्या अर्जात काय लिहावं?

नका म्हणू. ‘आपोआप होतो तो स्राव, करवतात तो पात’ ही वाटणी परिभाषावाले छातीठोकपणे सांगतात, पण तिला जुना आधार नाही. सुश्रुत आपल्या संहितेच्या निदानस्थानात, म्हणजे रोगनिदानाच्या भागात, फरक करतो तो महिन्यांवरून. चौथ्यापर्यंत स्रवतो तो स्राव. पाचव्या-सहाव्यात शरीर स्थिर झालेलं असतं, म्हणून पात. पराशरस्मृतीतही तेच, तेही सुतकाच्या हिशेबात: ‘आ चतुर्थाद्भवेत्स्रावः पातः पञ्चमषष्ठयोः’. जितके महिने तितके दिवस सूतक. सहाव्यानंतर ती प्रसूतीच, सूतक दहा दिवस.

खरी गंमत पुढेच आहे. पत् म्हणजे पडणे. ‘पात’ म्हणजे नुसतं पडणं. पाडणारा त्यात कुठेच नाही. पाडण्याला शब्द ‘पातन’, आणि याज्ञवल्क्यस्मृतीत ‘गर्भपातन’ असाच येतो. मराठीनं ही जोडी चोख सांभाळली: पतति–पडणे, पातयति–पाडणे. ‘पोट पडलं’ आणि ‘पोट पाडलं’ यांत आपल्या आज्यांची कधी गल्लत झाली नाही. गल्लत झाली ती शिकलेल्यांची, ‘पात’ला ‘करणे’ जोडून. हिंदी विधेयकानं तर ‘गर्भ का चिकित्सीय समापन’ केलं, जणू साहित्य संमेलनच!

आणि हे पाहा. १९७१ च्या कायद्यात मर्यादा वीस आठवडे होती. दुरुस्तीनं ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी ती चोवीस केली. विसापर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस ते चोवीस दोघांचं. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला तर वीस म्हणजे पाच आणि चोवीस म्हणजे सहा महिने. पराशराचा ‘पात’ नेमका तिथेच संपतो! खासदारांनी पराशर वाचला होता असं नाही. पण गर्भ बाहेर जगू शकेल ती वेळ दोघांनीही हेरली, असं माझं ठाम मत आहे. योगायोग म्हणणाऱ्यांनी म्हणावं.

मात्र बोलीतले महिने घेऊन दवाखान्यात जाऊ नका. ‘पाचवा लागला’ म्हणजे चार भरले. ‘पाच भरले’ याच्याशी तफावत चांगली महिन्याभराची, आणि विसाव्या आठवड्याची रेघ त्याच फटीत आहे. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात, तारीख पक्की नसेल तर सोनोग्राफीवरून. तीच तारीख लिहून न्या.

‘भ्रूणहत्या’ तर या चर्चेत नकोच. ठाणे शहरात घोडबंदर रोडवरच्या सोनोग्राफी सेंटरांतली ‘कायद्याने गुन्हा आहे’ ही पाटी गर्भलिंगनिदानाबद्दल असते. तो कायदाच वेगळा, १९९४ चा. ती वाचून गर्भपातच बेकायदा समजणारे ठाण्यात ढिगानं भेटतात. शिवाय ‘भ्रूण’चा जुन्या संस्कृतात एक अर्थ ‘विद्वान ब्राह्मण’ असाही आहे. आपट्यांचा संस्कृत कोश उघडून पाहा. तेव्हा हत्या कुणाची, ते आधी ठरवा.

हां, रजेचा अर्ज. ‘गर्भपात झाला’ एवढंच लिहा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानं सहा आठवड्यांची पगारी रजा दोन्हीला दिली, आपोआप झालेल्याला आणि कायदेशीररीत्या करवलेल्यालाही. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा.