माझ्या आयुष्यात नाट्यमय काहीच घडलं नाही, मग ख्रिस्तावरच्या विश्वासाची साक्ष कशी सांगू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ख्रिस्ती घरातच वाढलात. व्यसन नाही, जिवावरचा आजार नाही, दर्शन नाही. आता मंडळीत (चर्चमध्ये) साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाची कहाणी सगळ्यांपुढे सांगायला सांगितलंय, आणि सोबत काम करणारी मैत्रीणही विचारतेय की तू येशूवर विश्वास का ठेवतेस. दोन्हीकडे तुमची अडचण एकच आहे. सांगण्यासारखं काही नाही असं वाटतं, आणि सांगितलंच तर तो प्रचार किंवा बढाई वाटेल अशी भीती आहे.

सांगण्यासारखं तुमच्याकडे आहे, असं मला मनापासून वाटतं. आपल्या सभांमधून ज्या साक्षी लोकांच्या लक्षात राहतात त्या बहुधा मोठ्या उलथापालथीच्या असतात. त्यामुळे साक्ष म्हणजे प्रेषित पौलासारखी दिमिष्काच्या वाटेवरची घटना, आकाशातून प्रकाश, येशूची वाणी आणि आयुष्य पालटणं, असा आपला समज होतो. पण त्याच पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा पहिला अध्याय उघडा. तीमथ्याच्या विश्वासाची आठवण काढताना पौल कुठल्या प्रकाशाबद्दल किंवा वाणीबद्दल बोलत नाही. तो आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो. हा विश्वास आधी त्यांच्यात होता आणि आता तुझ्यातही आहे अशी माझी खात्री आहे, असं म्हणतो. त्या विश्वासाला तो कुठेही कमी लेखत नाही.

आणि ज्यांच्या आयुष्यात खरोखर मोठी वळणं आली, त्यांचंही सगळं एका दिवसात उरकलं असं नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे आपल्या विश्वासाविषयी लिहिताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. त्याला पुढे आठेक वर्षं लागली. इतक्या विद्वान बाईंनी हे न लपवता लिहिलं, याचा मला फार आदर वाटतो.

म्हणून ‘माझं तारण कुठल्या दिवशी झालं’ हे शोधत बसू नका. घरचा विश्वास तुमचा स्वतःचा कधी होऊ लागला, तो काळ शोधा. कोणी बघत नसतानाही प्रार्थना केली, ते का केलं? कुणाला क्षमा करणं जड गेलं आणि तरी केलं, ते कशाच्या बळावर? देवावर राग धरला होता का? विश्वास सोडून द्यावासा वाटला आणि सोडला नाही, असं कधी झालं का? यातल्या एखाद्या प्रश्नापाशी तुम्ही नक्की थबकाल. तिथूनच सांगायला घ्या.

माझं उदाहरण देतो, कारण तेही साधंच आहे. घरात रोज प्रार्थना होती, वचनं पाठ होती. वडील गेले आणि माझी प्रार्थना थांबली. भक्तीला जात होतो, गीतं म्हणत होतो, पण देवाशी बोलायला तोंड उघडत नव्हतं. भेटायला येणारे प्रेमाने वचनं सांगायचे, आणि जन्मभर ओळखीची असलेली ती वचनं मला परकी वाटायची. त्या दिवसांत बायबलमधलं स्तोत्र ८८ वाचलं. विलापाच्या बहुतेक स्तोत्रांत शेवटी कुठेतरी आशेची ओळ येते, या स्तोत्रात ती येतच नाही. सुरुवातीला ‘माझ्या तारणाच्या देवा’ अशी हाक आहे, मग तक्रारीवर तक्रार, आणि शेवट अंधारात. असलं बोलणंसुद्धा प्रार्थना म्हणून पवित्र शास्त्रात ठेवलंय, हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. मग वधस्तंभावरचे येशूचे शब्द आठवले, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ दर उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) ऐकलेले. ज्याच्याशी मला बोलता येत नव्हतं, तो स्वतः त्याच जागी उभा राहून हेच विचारून गेलाय, हे तेव्हा कळलं. मी पुन्हा बोलू लागलो. पहिले काही आठवडे नुसती तक्रारच केली. दुःख गेलं नाही, पण त्या दिवसांपासून ख्रिस्त मला आईवडिलांकडून मिळालेला देव वाटला नाही, माझा वाटला.

माझी साक्ष एवढीच आहे. यात चमत्कार नाही. तरीही घरात कुणी गेलेलं असेल असा माणूस हे ऐकतो तेव्हा तो थांबतो आणि विचारतो, ‘म्हणजे देवाकडे तक्रार केलेली चालते?’ तिथून खरं बोलणं सुरू होतं.

हे सविस्तर लिहिलं, कारण साक्षीतला हाच भाग लोक घाईने उरकतात. आधीचं आयुष्य लांबलचक सांगतात, नंतरचे आशीर्वादही सांगतात, आणि मधलं सगळं ‘मग देवाने मला स्पर्श केला आणि शांती दिली’ या एका वाक्यात बसवतात. ऐकणाऱ्याला त्या वाक्यातून काहीच दिसत नाही. कुठलं वचन होतं, कोण काय बोललं, त्यानंतर तुमच्या वागण्यात काय बदललं आणि काय बदललं नाही, हे सांगा. बदललं नाही तेही सांगा. तुमचा राग अजून पूर्ण गेला नसेल तर तो गेला असं म्हणू नका. घरचे आणि सोबत काम करणारे तुम्हाला रोज बघतात.

‘मला सगळं समजलेलं नाही, मग मी काय सांगणार’ असं वाटत असेल तर योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय सावकाश वाचा. येशूमुळे एका जन्मांधाला दृष्टी मिळते आणि लगेच त्याची उलटतपासणी सुरू होते. तुला बरं करणारा तो माणूस कुठे आहे? ‘ठाऊक नाही.’ तो पापी आहे की नाही? ‘ते मला ठाऊक नाही, एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं.’ त्याचं ज्ञान वाढत कसं जातं तेही बघा. सुरुवातीला तो ‘येशू नावाचा माणूस’ म्हणतो, मग ‘संदेष्टा’, मग ‘देवापासून आलेला’, आणि शेवटी ‘प्रभू, मी विश्वास ठेवतो’ म्हणत नमन करतो. पूर्ण समजण्याची वाट पाहत तो गप्प बसला नाही, आणि जेवढं समजलं त्याच्या पलीकडे एक शब्दही बोलला नाही. मैत्रिणीने त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, याबद्दल) किंवा जगातल्या दुःखाबद्दल अवघड प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल, तर ‘मला माहीत नाही’ म्हणायला अजिबात कचरू नका.

सभेत आणि मैत्रिणीपुढे तेच शब्द वापरू नका. हे अप्रामाणिकपणाचं नाही, पौलानेही असंच केलंय. त्याची कहाणी नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तीन वेळा येते, नवव्या अध्यायात लेखकाच्या शब्दांत आणि २२ व्या व २६ व्या अध्यायांत त्याच्या स्वतःच्या तोंडून. यरुशलेमेत यहुदी जमावापुढे तो त्यांच्याच भाषेत बोलतो, नामवंत यहुदी गुरू गमलियेलाच्या चरणांशी शिकल्याचं सांगतो, त्याला पुन्हा दृष्टी मिळाली तेव्हा त्याच्याकडे आलेला हनन्या हा नियमशास्त्र पाळणारा, यहुद्यांत नाव असलेला माणूस होता हे आवर्जून सांगतो. अग्रिप्पा राजापुढे मात्र हनन्याचं नावही घेत नाही. घटना तीच आहे, पण समोर कोण बसलंय हे पाहून तो काय सांगायचं आणि काय गाळायचं ते ठरवतो.

मंडळीत ‘नवा जन्म’, ‘तारण’, ‘कृपा’ म्हटलं की लोकांना कळतं. मैत्रिणीला ते शब्द कोडं वाटतील. तिच्याशी बोलताना तुम्ही रोज बोलता तशाच बोला. ‘माझा स्वभाव फार दोष धरणारा होता. येशूने मला माफ केलंय हे मनात उतरलं तेव्हा दुसऱ्याला माफ करणं मला जमायला लागलं.’ यात कृपेचा अख्खा अर्थ आला.

बढाईची भीती बाळगताय, ते चांगलंच आहे. ती भीती थोडी असावी. मी स्वतः साक्ष ऐकताना एक गोष्ट पाहतो. शेवटी मला आठवण कोणाची राहते, बोलणाऱ्याच्या धैर्याची, त्यागाची, प्रार्थनेच्या तासांची, की ख्रिस्ताची? गरसेकरांच्या प्रांतात भुतांपासून सुटलेल्या माणसाला येशूने सोबत येऊ दिलं नाही. आपल्या घरी, आपल्या लोकांकडे जा, आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं, तुझ्यावर कशी दया केली ते सांग, एवढंच काम त्याला दिलं (मार्क ५). तुमच्या सांगण्यात ‘मी’ येणारच, कहाणी तुमची आहे. पण प्रत्येक वळणावर काम कोणी केलं, ते ऐकणाऱ्याला कळू द्या.

काही गोष्टींबाबत मी कडक आहे. आधीचं आयुष्य होतं त्यापेक्षा काळं रंगवू नका. सभेत परिणाम व्हावा म्हणून असं करण्याचा मोह पडतो, आणि ते खोटंच असतं. तुमच्या कहाणीत नवरा, सासू, भाऊ, कोणी येत असेल तर त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं दुखणं किंवा चूक चारचौघांत सांगू नका, ‘देवाच्या गौरवासाठी’ म्हणूनसुद्धा नाही. आणि ‘मला बरं केलं, तुलाही करील’ असं वचन कुणाला देऊ नका. ऐकणाऱ्यांत वर्षानुवर्षं प्रार्थना करूनही बरी न झालेली माणसं बसलेली असतात. तुम्हाला काय मिळालं ते सांगा. त्यांना काय मिळेल ते ठरवणं आपल्या हाती नाही.

मैत्रिणीच्या श्रद्धेवर टीका करून स्वतःची कहाणी उजळ करायची तर मुळीच गरज नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा म्हटलंय, आणि लगेच ते सौम्यतेने, आदराने द्या असंही म्हटलंय. तिने विचारलंय, म्हणून उत्तर द्या. तिने विषय बदलला तर तिथेच थांबा. विहिरीवर येशूशी बोलल्यावर शोमरोनी बाई घागर टाकून गावात धावली तेव्हा तिने तरी किती सांगितलं? मी केलेलं सगळं ज्याने मला सांगितलं तो माणूस येऊन पाहा, तोच ख्रिस्त असेल का? एवढं बोलून तिने प्रश्न लोकांपुढे ठेवला. पुढे गावकरी तिला म्हणाले की आता आम्ही तुझ्या बोलण्यावरून विश्वास ठेवत नाही, आम्ही स्वतः ऐकलंय. पुढचं काम तिच्या शब्दांवर अवलंबून नव्हतं.

तुमचं ऐकून मैत्रीण ‘छान’ म्हणेल आणि कामाला लागेल, असंही होईल. बेड्यांत उभ्या असलेल्या पौलाचं अग्रिप्पापुढचं तेच बोलणं ऐकून रोमी सुभेदार फेस्त ओरडला की तुला वेड लागलंय, आणि अग्रिप्पाने थोडक्यात बोलणं टोलवलं. दोघांपैकी कोणी विश्वास ठेवल्याचं तिथे लिहिलेलं नाही. तरी पौल चिडला नाही, वाद वाढवला नाही. तुम्ही सगळे माझ्यासारखे व्हावं, फक्त या बेड्या सोडून, असं तो म्हणाला. त्या वाक्यातली माया मला नेहमी हलवते. समोरच्याचं भलं व्हावं असं खरोखर वाटत असेल तर बोलणं प्रचारासारखं वाटत नाही.

तयारीसाठी एवढंच करा. आधी सगळं लिहून काढा, मग त्यातली एकच घटना ठेवा आणि ती कागद न बघता मोठ्याने सांगून पाहा. पाच-सात मिनिटं पुरतात. आणि मंडळीच्या सभेची वाट न पाहता आधी मैत्रिणीशी बोला. ती मध्येच थांबवून ‘म्हणजे नक्की काय झालं?’ असं जिथे जिथे विचारेल, तिथे तुमच्या सांगण्यात काहीतरी राहून गेलंय असं समजा. सभेच्या आधी तेवढं भरून काढा.