ब्रेकचा पाइप गळत असेल तर

मित्रा, तुझ्या जुन्या मारुती ८०० चा ब्रेक पेडल खाली जातोय आणि मागच्या चाकाजवळ ओल दिसतेय ना, मग गाडी चालवत गॅरेजला नेऊ नकोस. टो करून ने. ब्रेक ऑइल भरत दिवस ढकलणं जिवावर बेततं.

कोकणातल्या खाऱ्या हवेत ब्रेकचा लोखंडी पाइप बहुतेक तो गाडीला धरून ठेवणाऱ्या क्लिपखालीच सडतो, कारण चिखल तिथं अडकून राहतो. माझ्या गाडीला वरून नुसता तांबूस डाग होता. नखानं खरवडला, तर पापुद्रा निघाला आणि थेंब आला.

एम-सील, वेल्डिंग, रबरी नळी घालून क्लॅम्प, यातलं काहीही नको. ब्रेक ऑइलचा दाब हे जोड सोसत नाहीत. अख्खा पाइप बदल. बनवून घेतलास तर टोकाचं फ्लेअर, म्हणजे पाइपचं पसरवलेलं तोंड, जुन्यासारखंच हवं. पाइपच्या टोकाचा नट साध्या पान्यानं झिजून गोल होतो, फ्लेअर नटचा खास पाना आण आणि आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेव.

मग सीलबंद डब्यातलं डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढ. ब्रेक ऑइलची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नकोस. ऑइल रंग खातं, सांडलं की लगेच पाण्यानं धू. शेवटी कुणाला तरी पेडल मिनिटभर जोरात दाबून धरायला सांग आणि प्रत्येक जोड कोऱ्या कागदानं टिपून बघ.