आई-बाबांनी बेटावर घर घेण्याआधी

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आई-बाबांनी निवृत्तीनंतर आमच्या हॅटरस बेटावर घर घ्यायचं मनावर घेतलंय, आणि त्यांना अडवावं की गप्प बसावं हे तुला कळत नाहीये. आम्ही दोघं अकरा वर्षं इथे आहोत, तेव्हा आम्हालाच विचारावं हे बरोबर. फक्त एक लक्षात ठेव, जिथे आपण राहतो त्या जागेची बाजू माणूस नकळत घेतोच. माझ्या कौतुकातले दोन आणे वजा करूनच वाच.

हॅटरस हे खडकाचं बेट नव्हे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यासमोर पडलेला वाळूचा लांबच लांब दांडा आहे. एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला पॅम्लिको साउंड, म्हणजे भलंमोठं खाजण. वादळात समुद्र पुढची वाळू उचलतो आणि दांड्यावरून मागे खाजणाकडे टाकतो. असं शतकानुशतकं चालू आहे, त्यामुळे अख्खं बेट हळूहळू मुख्य भूमीकडे सरकतं. आपला प्लॉट मात्र कागदावर होता तिथेच राहतो.

हे मला पुस्तकातून नाही, इथल्या दीपगृहावरून समजलं. 1870 मध्ये ते बांधलं तेव्हा समुद्र साधारण 1,500 फूट लांब होता. पुढे तो शे-सव्वाशे फुटांवर आला. शेवटी 1999 मध्ये तो सुमारे 4,800 टनांचा विटांचा मनोरा जसाच्या तसा उचलून रुळांवरून 2,900 फूट आत नेला. तेवीस दिवस लागले. सरकारला ते जमलं. तुझ्या बाबांना जमणार नाही. 2020 पासून रोडांथे आणि बक्स्टन या दोन गावांत डझनाहून जास्त घरं समुद्रात कोसळली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या जाहिरातीत कधीकाळी 'थेट समुद्रासमोर' असंच लिहिलेलं असणार.

म्हणून माझा सल्ला घराबद्दल कमी आणि पैशाबद्दल जास्त आहे. इथे बुडाले तरी चालतील एवढेच पैसे घालायचे. आई-बाबांचं शहरातलं घर विकून आलेली सगळी रक्कम या वाळूत घालणार असतील, तर तू मध्ये पड, भांडण झालं तरी चालेल. तिसरा हिस्सा घालणार असतील तर गप्प बस आणि सामान उचलायला ये.

विम्याचं बाबांना कोणीतरी नीट सांगायला हवं, कारण घर दाखवणारे ते शेवटी सांगतात. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर येत नाही. पुराची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, आणि किनाऱ्यावर वाऱ्या-गारांचीही बऱ्याचदा वेगळीच. म्हणजे एका घरासाठी तीन हप्ते. पुराच्या सरकारी विम्यात घराच्या इमारतीला जास्तीत जास्त 2,50,000 डॉलर आणि आतल्या सामानाला 1,00,000 डॉलर मिळतात, घर कितीही महाग असो. नव्याने घेतलेली पॉलिसी लागू व्हायला साधारणपणे तीस दिवस जातात, त्यामुळे वादळाची बातमी ऐकून फोन फिरवण्यात अर्थ नसतो. आणखी एक: 1982 च्या एका केंद्रीय कायद्याने अशा बेटांचे काही पट्टे आखून दिले आहेत, तिथल्या नव्या बांधकामाला हा सरकारी विमा मिळतच नाही. नकाशा ऑनलाइन आहे. इसार देण्याआधी तूच बघ, बाबा बघणार नाहीत.

आता पाणी. सगळे समुद्राला घाबरतात आणि खाजणाकडे पाठ करून झोपतात. सप्टेंबर 2019 मध्ये डोरियन वादळ आलं, तेव्हा आमच्या शेजारच्या ओक्राकोक बेटाला बुडवलं ते साउंडने. वारा आधी खाजणाचं पाणी पलीकडे मुख्य भूमीकडे ढकलतो. वादळ पुढे सरकलं की वारा फिरतो आणि तेच पाणी एकदम मागच्या दाराने परत येतं. लोकांना आवराआवर करायला वेळच मिळाला नाही.

आमचं घर जुनं, खाजणाच्या बाजूचं, ओकच्या झाडांत दडलेलं. पहिल्या वर्षी स्वयंपाकघरातली चटई झटकायला उचलली, तर खाली फळीत एक गोल झाकण. मला वाटलं, नळाचं काहीतरी असेल. शेजारच्या आजोबांना दाखवलं तर ते हसले. जुनी माणसं वादळात ते उघडून ठेवायची, म्हणे. पाणी घरात येऊ द्यायचं, म्हणजे घर पायावरून उचलून तरंगत जात नाही. मी त्या झाकणावर आता चटई घालत नाही.

हल्लीची घरं उंच खांबांवर असतात. पुराच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण तुझ्या आईचे गुडघे? आमच्या समोरच्या घराला सतरा पायऱ्या आहेत. तिथल्या बाईंनी बाहेरून लिफ्ट बसवून घेतली, तिची तार आणि बिजागऱ्या खाऱ्या हवेने तीन वर्षांत खाल्ल्या. आता ती अर्ध्यावर अडकून बसलीय आणि तिच्यावर पक्षी बसतात. साठीत चढलेल्या पायऱ्या पंचाहत्तरीत चढता येतील का, हा प्रश्न आईला विचारू नकोस, ती 'हो' म्हणेल. वाणसामानाच्या दोन पिशव्या तिच्या हातात दे आणि बघ.

दवाखान्याचं लिहायला मी टाळाटाळ करत होते. बक्स्टनहून नॅग्स हेडचं रुग्णालय गाडीने साधारण तासावर. रस्ता एकच, हायवे 12. तो कधी वाळूने झाकला जातो, कधी पाण्याने. 2003 मध्ये इसाबेल वादळाने बेटच कापलं होतं आणि हॅटरस गाव काही आठवडे तुटून पडलं होतं. तेव्हा आम्ही इथे नव्हतो. पण चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरात वादळ म्हणावं असं काही नसताना, नुसत्या ईशान्येच्या वाऱ्याने समुद्र रस्त्यावर आला, आणि त्याच रात्री तुझ्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. गावातली रुग्णवाहिका सात मिनिटांत दारात आली, इथली माणसं त्या बाबतीत सोन्यासारखी आहेत. पुढे मात्र रस्ता नाही. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर नाही. ओहोटीची वाट बघत आम्ही तीन तास त्या गाडीत बसून होतो. शेवटी निघालं पित्त. ते आता हा किस्सा हसत सांगतात. मी अजून हसत नाही.

बाबांना मधुमेह आहे एवढं असेल तर निभेल. डायलिसिस, दर महिन्याला तपासायला लागणारं हृदय, विसरभोळेपणाची सुरुवात, यांतलं काही दिसत असेल तर हे बेट नको. मुख्य भूमीवर, पुलाच्या अलीकडे घर घ्या आणि इथे फिरायला या.

आणि शांततेचं काय? त्यासाठीच तर ते येतायत. आमच्या गल्लीत चौदा घरं आहेत. जानेवारीत संध्याकाळी मी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला जाते तेव्हा उजेडाच्या खिडक्या मोजते. तीन. बाकीची सगळी उन्हाळ्यात आठवड्याच्या भाड्याने जाणारी. ज्यांना माणसं लागतात ते दुसऱ्या हिवाळ्यात घर विकायला काढतात, असं मी पाच-सहा जणांचं पाहिलंय. ज्यांना हाताला काम असतं ते टिकतात. काका अग्निशमन दलात स्वयंसेवक आहेत, नळी धरत नाहीत, हिशोब धरतात. मी वाचनालयात आठवड्यातून दोन दिवस बसते. तुझी आई कुठेही रमेल. काळजी बाबांची वाटते. ऑफिस सुटल्यावर ते दिवसभर काय करतात, हे एकदा शांतपणे बघ.

हे सगळं वाचून तुला वाटेल, मग मावशी तिथे का राहते? डिसेंबरात पी आयलंड या इथल्या पक्षी-अभयारण्याच्या तळ्यांवर उत्तरेकडून आलेले पांढरे हंस उतरतात. सकाळी चहा थर्मासमध्ये भरून आम्ही जातो. शेकड्यांनी असतात, आणि त्यांची कुजबुज ऐकू येते तेव्हा आम्ही एकमेकांशी एक शब्द बोलत नाही. हे मला दुसरीकडे मिळालं नाही. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही, आणि घर घ्यायला ते पुरेसं आहे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

तर असं कर. घर बघायला जूनमध्ये येऊ नका. जूनमध्ये इथे सगळ्यांचंच लग्न जमतं. ऑक्टोबर ते मे भाड्याने घर सहज मिळतं, पण वर्षभराचं मिळणं फार कठीण, कारण उन्हाळ्यात पाहुणे आठवड्याला देतात ते भाडं कुठल्याच मालकाला सोडवत नाही. म्हणून एक हिवाळा भाड्याने काढायचा, आणि पुढच्या सप्टेंबरात, वादळांच्या ऐन दिवसांत, आमच्याकडे दोन आठवडे राहायचं. गाव खाली करायचा आदेश आलाच तर उत्तमच. काय काय गाडीत भरायचं, कुठे जायचं, परत शिरायला रहिवाशांचे परवाने कसे लागतात, हे एकदा स्वतः केलं की दोघांना आपोआप कळेल की आपल्याला हे दर दोन-तीन वर्षांनी करायचंय का. आम्हाला चालतं. काकांची तर पिशवीच भरलेली असते.

फेब्रुवारीत या आधी, तिघंही. आमच्या वरच्या खोलीत सोय आहे. हीटर आवाज करतो, त्याला इलाज नाही. बाबांच्या गोळ्या जायच्या दिवसापुरत्या आणू नका, दोन आठवडे जास्तीच्या आणा. आणि परतीच्या दिवशी ऑफिसात काही महत्त्वाचं ठेवू नकोस, रस्ता उघडा असेलच असं नाही.

मावशी