शिवणकाम: वाचकांचे प्रश्न (हिवाळी कोट)

इंटरनेटवरून कोटाचा पॅटर्न घेतला, तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून चिकटवला. छाती ३८, साइजही तोच. तरी मांजरपाटाचा ट्रायल कोट स्वेटरवर बसत नाही. हरभऱ्याच्या ओलिताला रात्री जाताना घालायचा आहे. एक साइज वाढवू का?
– एक वाचक, दारव्हा तालुका

थांबा, आधी पट्टी घ्या. पॅटर्नच्या कागदावर मोजणीचा एक चौकोन छापलेला असतो. तो त्यावर लिहिलेल्या मापात भरला नाही तर दोष प्रिंटचा. परदेशी पॅटर्न पुष्कळदा साडेआठ इंच रुंद लेटर पानावर आखलेले असतात आणि आपला ए-फोर असतो जेमतेम सव्वाआठ. दुकानात ‘फिट टू पेज’ दाबलं की आकृती शेकडा ३ च्या आसपास आक्रसते. ४२ इंच घेराच्या कोटात तेवढ्यानं सव्वा इंच जातो. ‘अ‍ॅक्चुअल साइज’ सांगून पुन्हा प्रिंट काढा.

चौकोन बरोबर निघाला तर शिवणीची माया (शिवणीत जाणारं कडेचं जास्तीचं कापड) तपासा. काही पॅटर्नमध्ये ती धरलेली असते, बहुधा ५ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), काहींत नसतेच. नसलेली माया आहे समजून कापलं तर दोन्ही बगलांच्या शिवणींतच अडीच इंच गेले. हेही ठीक असेल तर तयार कोटाचा छातीचा घेर मोजा. अंगाच्या मापापेक्षा तो ४ ते ६ इंच जास्त हवा. आत जाड स्वेटर असेल तर ६. तेवढा नसेल तरच साइज वाढवा.

लोकरी कापड किती आणू? आधी धुवायचं का?
– एक वाचक, चिखलदरा तालुका

गुडघ्यापर्यंतच्या कोटाला ५८ इंच पन्ह्याचं सुमारे अडीच मीटर. कापडाला लव असेल तर सगळे भाग एकाच दिशेनं ठेवावे लागतात, म्हणून पाव मीटर वाढवा. धुवू नका. सुती चादर ओली करून घट्ट पिळा, कापड तिच्यात गुंडाळून रात्रभर ठेवा आणि सकाळी सावलीत खाटेवर पसरा. दोरीवर टाकलं तर ओल्या वजनानं ताणलं जातं.

बाही तीनदा उसवली. खांद्यावर चुण्या येतातच.
– एक वाचक, देवरी तालुका

बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा (अंगाला बाही जोडायच्या गोलापेक्षा) इंच-दीड इंच मोठा असतो, तो मुद्दामच. ही जास्तीची लांबी शिवणीत दाबायची नसते, वाफेनं जिरवायची असते. गोलावर लांब टाक्याच्या दोन टिपा मारा, खालचे दोरे ओढून गोल मुंढ्याएवढा करा. मग लाकडाचा भुसा ठासून भरलेल्या सुती पिशवीवर तो ठेवा आणि ओलं फडकं टाकून इस्त्री दाबा. घासायची नाही. कोळशाची इस्त्रीही चालते. वाफ फडक्यातून येते. थंड होईपर्यंत हलवू नका, नाहीतर बसलेला आकार सुटतो. त्यानंतर खुणा जुळवा (एक खूण पुढची, दोन मागच्या) आणि कच्ची शिलाई घालूनच मशीनवर घ्या. थेट टाचण्यांवर शिवलं तर दाबपट्टी (मशीनचा कापड दाबणारा पाय) वरचा थर पुढे ढकलते, खालचा मागे ओढला जातो आणि चुणी तिथेच पडते. सुई १६ नंबर, दाब थोडा सैल.

एक शंका: कापड खरंच लोकरीचं आहे ना? एक धागा जाळून पाहा. केस जळाल्यासारखा वास आणि बोटांत चुरडणारी राख म्हणजे लोकर. कडक मणी उरला तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टर वाफेला दाद देत नाही. मग ट्रायलमध्येच गोलाची जास्तीची लांबी निम्म्यावर आणा.

अस्तर सुती चालेल का?
– तेच वाचक

अंगाला चालेल, बाहीला नको. स्वेटर अडकून वर चढतो. बाहीला टाफेटा हे गुळगुळीत कापड लावा. पाठीच्या अस्तरात मधोमध इंचभर चूण ठेवा, नाहीतर हात पुढे नेताच ते मुंढ्यात उसवतं.