सिम्युलेटरमधले लांब पल्ल्याचे विमान खरे आहे, हे कशावरून ओळखावे?

तुम्ही विचारले आहे की बोइंग ७७७, ७८७ किंवा एअरबस ए३५० यांसारखी दोन इंजिनांची लांब पल्ल्याची विमाने घरच्या सिम्युलेटरमध्ये कितपत खरी असतात, त्यांतले कोणते शिकायला घ्यावे, आणि बहुतेक वेळ ऑटोपायलटच विमान चालवत असेल तर त्या आठ-दहा तासांत करायचे काय. माझ्या मते या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच जागी सापडतात. महासागराच्या मध्यावर एक इंजिन बंद पडले, तर उरलेल्या इंजिनावर ठरावीक वेळात कोणत्या तरी विमानतळावर पोहोचता आले पाहिजे, या अटीवरच ही विमाने समुद्र ओलांडतात. ही अट सिम्युलेटरमधल्या विमानाच्या रचनेत किती खोलवर उतरली आहे, त्यावरून ते खरे की नुसते देखणे हे ठरते.

त्यासाठी थोडी पार्श्वभूमी लागेल. पिस्टन इंजिनांच्या काळापासून अमेरिकेत असा नियम होता की दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाने एका इंजिनावर ६० मिनिटांत एखादा विमानतळ गाठता येणार नाही इतके दूर जायचे नाही, आणि म्हणून मोठ्या समुद्रांवर तीन-चार इंजिनांची विमानेच दिसत. १९८५ मध्ये बोइंग ७६७ला १२० मिनिटांची मुभा मिळाली, १९८८ मध्ये १८० मिनिटांचा टप्पा आला, आणि १९९५च्या जूनमध्ये ७७७ प्रवासी सेवेत दाखल झाले ते १८० मिनिटांची परवानगी घेऊनच. पुढे ७७७ आणि ७८७ यांना ३३० मिनिटांपर्यंत, तर ए३५०-९००ला सेवेत येण्याआधीच, २०१४ मध्ये, ३७० मिनिटांपर्यंत मान्यता मिळाली. या व्यवस्थेला ईटॉप्स म्हणतात. ती केवळ इंजिनाच्या भरवशावर मिळत नाही. वीज किती ठिकाणांहून मिळू शकते, सामानकक्षातली आग किती वेळ दाबून ठेवता येते, अशा अनेक गोष्टी तिच्यासाठी तपासल्या जातात.

म्हणून कोणतेही नवे अ‍ॅड-ऑन (सिम्युलेटरमध्ये जोडायचे वेगळे विमान) हाती आले की मी कॉकपिटचे रंग, खिडक्यांवरचे ओरखडे किंवा प्रवासी कक्षातल्या खुर्च्या पाहण्यात वेळ घालवत नाही. आयर्लंडमधल्या शॅननहून कॅनडातल्या गँडरकडे निघतो आणि वाटेच्या मध्यावर एका इंजिनाचे इंधन बंद करतो. भारी वजनाचे ७७७ तेहतीस हजार फुटांवर असेल, तर एका इंजिनावर ती उंची टिकणे शक्य नसते. चांगल्या प्रतिकृतीत एफएमसीच्या (उड्डाण-संगणकाच्या) क्रूझ पानावर एका इंजिनाची गती आणि त्या वजनाला झेपेल अशी उंची लगेच मागता येते, आणि उरलेले इंजिन कमाल सातत्य शक्तीवर ठेवून विमान अतिशय संथपणे खाली उतरू लागते. या संथपणाकडे नीट लक्ष द्या. साध्या प्रतिकृतीत विमान एक तर दगडासारखे खाली येते, नाही तर काहीच घडले नाही असे पुढे जात राहते.

खरी मौज यानंतर पॅनेलवर सुरू होते. बंद इंजिनाचे जनित्र गेले की दुसऱ्या बाजूची वीज त्याची जागा घेते, आणि भार जास्त झाल्यास विमान स्वतःच स्वयंपाकघरासारख्या कमी महत्त्वाच्या भागांची वीज तोडते. हायड्रॉलिक्समध्ये इंजिनावर चालणारा पंप थांबतो आणि त्या बाजूचा विजेवर चालणारा पंप भार उचलतो. एकाच टाकीतले इंधन जळत राहिल्याने काही वेळाने दोन्ही पंखांतले वजन असमान होते आणि क्रॉसफीड (दोन्ही बाजूंच्या इंधनमार्गांना जोडणारी झडप) उघडावा लागतो. ७७७ची इलेक्ट्रॉनिक चेकलिस्ट योग्य पान समोर आणते, आणि ज्या कृती विमानाला स्वतःला समजतात त्यांवर आपोआप हिरवी खूण होते. हे सगळे एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत कारणपरंपरेने वाहत आले पाहिजे. केवळ एक इशारा उमटवून थांबणारे विमान मी परत उघडत नाही.

बाहेरचे नियमही याच क्षणी कामी येतात. अटलांटिकवरच्या आखलेल्या वाटेवर तुमच्या खाली आणि वर इतर विमाने असतात, म्हणून परवानगी मिळेपर्यंत थांबता येत नसेल तर वाटेपासून किमान ३० अंश वळायचे, ५ सागरी मैल बाजूला सरून समांतर जायचे, आणि मग २९,००० फुटांच्या खाली उतरून पर्यायी विमानतळाकडे वळायचे, अशी ठरलेली पद्धत आहे. कोणताही संगणक हे तुमच्यासाठी आपोआप करत नाही, आणि पहिल्यांदा करताना हात अडखळतात.

दुसरी कसोटी वजनाची आहे, आणि ती नवशिक्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ७७७-३००ईआरचे कमाल उड्डाणवजन सुमारे ३५१ टन आणि कमाल अवतरणवजन सुमारे २५१ टन असते. म्हणजे पूर्ण भरून निघालेल्या विमानाला उड्डाणानंतर लगेच परतायचे झाले, तर शंभर टनांच्या आसपास इंधन हवेत सोडावे लागते किंवा जास्त वजनाने उतरण्याची जोखीम जाणीवपूर्वक घ्यावी लागते. अशा उड्डाणाच्या सुरुवातीला ते साधारण तासाला नऊ टन इंधन खाते, शेवटी साडेसहा-सात टनांवर येते. याच कारणाने ते एकदम वरच्या उंचीवर जाऊ शकत नाही. तीस-एकतीस हजार फुटांवर सुरुवात करून वजन घटेल तसे दोन-दोन हजार फुटांनी चढत जाते. ही पायऱ्यांची चढण तुम्ही सिम्युलेटरमध्ये टाळलीत आणि पहिल्याच तासात एकोणचाळीस हजार फुटांचा हट्ट धरलात, तर चांगल्या प्रतिकृतीत गतीच्या पट्टीवरचे वरचे आणि खालचे लाल टोक एकमेकांकडे सरकलेले दिसेल. दहा तासांनी उतरणारे विमान निघालेल्या विमानापेक्षा वेगळेच असते: हलके आणि जास्त चपळ. हा फरक हाताला जाणवला, तर ती प्रतिकृती बनवणाऱ्यांनी मेहनत घेतली आहे असे खुशाल समजा.

आता विमानांविषयी. ७८७ची ओळख त्याच्या विजेत आहे. त्याच्या इंजिनांतून केबिनसाठी गरम हवा काढली जात नाही. केबिनचा दाब विजेच्या कंप्रेसरने राखला जातो, पंखांवरचे बर्फ विजेने वितळते, आणि इंजिनही विजेनेच सुरू होते. त्यासाठी प्रत्येक इंजिनावर २५० केव्हीएचे दोन आणि एपीयूवर (शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनावर) २२५ केव्हीएचे दोन असे सहा जनित्र आहेत. म्हणून ७८७च्या प्रतिकृतीत विजेची मांडणी कच्ची असेल, तर विमानाचा गाभाच हरवतो. ए३५०मध्ये हायड्रॉलिक प्रणाली दोनच असतात, पण त्यांचा दाब ७७७ आणि ए३३०मधल्या ३,००० पीएसआयऐवजी ५,००० पीएसआय असतो, आणि काही नियंत्रणपृष्ठे गरज पडल्यास विजेवर हलू शकतात. ए३३०-२००मध्ये पंखांखेरीज शेपटीतही इंधनाची टाकी असते. उंचीवर गेल्यावर विमान थोडे इंधन मागे नेते, गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि हवेचा रोध कमी होतो. सिम्युलेटरमध्ये त्या टाकीतला आकडा बदलल्यावर गुरुत्वमध्याचा आकडाही बदलतो का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

हाताने उडवताना बोइंग आणि एअरबस यांचा स्वभाव वेगळा आहे, आणि घरच्या साधनांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा ठरतो. दोन्ही फ्लाय-बाय-वायर आहेत, म्हणजे वैमानिकाची आज्ञा संगणकामार्फत पोहोचते. मात्र ७७७ आणि ७८७मध्ये वैमानिक एका गतीसाठी ट्रिम करतो, म्हणजे हाताने जोर न लावता ती गती टिकेल असे विमान लावून ठेवतो. गती बदलली की नाक वर किंवा खाली जाऊ पाहते आणि योकवरचा (समोरच्या नियंत्रण-चाकावरचा) जोर ते सांगतो. एअरबसमध्ये काठी सोडली की विमान आहे त्या मार्गावर राहते आणि ट्रिम आपोआप होतो. शिवाय एअरबसची साइडस्टिक साध्या स्प्रिंगवर चालते, आणि ऑटोथ्रस्ट (इंजिनांचा जोर आपोआप राखणारी यंत्रणा) चालू असताना थ्रस्ट लिव्हर एका खाचेत स्थिर राहतात. टेबलावरची साधी जॉयस्टिक आणि न हलणारा थ्रॉटल घेऊन ए३५० किंवा ए३३० उडवताना जवळपास खऱ्या कॉकपिटइतकाच अनुभव हाताला मिळतो. ७७७मध्ये लिव्हर स्वतः हलतात आणि योकचा जोर गतीनुसार बदलतो. ठरावीक स्प्रिंगच्या घरगुती योकमध्ये हे दोन्ही हरवते, आणि ती उणीव कोणतेही सॉफ्टवेअर पूर्ण भरून काढू शकत नाही.

७७७मध्ये मात्र एक सुंदर गोष्ट आहे. दोन इंजिनांच्या जोरात फरक पडला की टीएसी नावाची प्रणाली रडर (शेपटीचे उभे सुकाणू) आपोआप लावते, पण सुरुवातीचा झोका वैमानिकाला जाणवावा इतका वाव ठेवून. धावपट्टीवर ७० नॉटच्या खाली ती काम करत नाही. उड्डाणाच्या धावेत इंजिन बंद करून पाहिलेत तर ही सीमा प्रतिकृतीत पाळली आहे की नाही हे लगेच दिसते.

कोणते घ्यावे याविषयी माझे मत स्पष्ट आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरवर प्रणालींची खोली हवी असेल तर पीएमडीजी कंपनीचे ७७७ घ्या. त्यांनी हे विमान २०१३ मध्ये एफएसएक्ससाठी (मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिम्युलेटरसाठी) केले होते आणि २०२४ मध्ये ७७७-३००ईआरपासून सुरुवात करून नव्या सिम्युलेटरवर आणले. जॉयस्टिकच असेल आणि आधुनिक एअरबस हवे असेल, तर २०२५ मध्ये आलेले इनीबिल्ड्सचे ए३५० विचारात घ्या. एक्स-प्लेन १२ हा दुसरा सिम्युलेटर वापरत असाल तर त्यासोबतच येणाऱ्या ए३३०-३००वर आधी हात बसवा आणि मग फ्लाइटफॅक्टरच्या ७७७कडे वळा. पैसे खर्च करायचे नसतील तर हेडविंड गटाचे मोफत ए३३०निओ शिकायला पुरेसे आहे. एकाच वेळी दोन विमाने घेऊ नका. बोइंग आणि एअरबस यांची सवय एकमेकांत मिसळली की दोन्ही कच्ची राहतात.

जुन्या लोकांच्या तोंडी तुम्ही लांब उड्डाणांच्या तक्रारी ऐकल्या असतील, त्यामागे ठोस कारण होते. एफएसएक्स ३२-बिट असल्याने त्याला चार जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरता येत नसे. आठ तास व्यवस्थित उडालेले विमान मोठ्या विमानतळाचे देखावे लोड होताच, अगदी अंतिम टप्प्यात, मेमरी संपून बंद पडे. २०१७ मध्ये प्रीपेअर्ड (Prepar3D) या सिम्युलेटरची चौथी आवृत्ती ६४-बिट झाली, आणि आजचे सर्व मोठे सिम्युलेटर तसेच आहेत, त्यामुळे ही भीती मागे पडली आहे.

राहिला प्रश्न त्या आठ-दहा तासांचा. सिमब्रीफ या उड्डाण-नियोजनाच्या संकेतस्थळावर आराखडा करताना ईटॉप्सचा पर्याय निवडा, म्हणजे तुम्हाला समान-वेळ बिंदू मिळतील; त्या बिंदूपासून मागचा आणि पुढचा पर्यायी विमानतळ सारख्याच वेळेच्या अंतरावर असतो. तिथे किमान किती इंधन हवे हेही आराखडा सांगतो, आणि तो हिशेब सर्वांत वाईट प्रसंग धरून केलेला असतो, म्हणजे केबिनचा दाब जाऊन विमानाला दहा हजार फुटांवर, जिथे इंधन फार जळते, उडावे लागले तर. प्रत्येक वेपॉइंटला (मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूला) प्रत्यक्ष इंधन आणि अपेक्षित इंधन शेजारी शेजारी लिहा. केफ्लाविक, लाजेस, गूझ बे यांसारख्या पर्यायी विमानतळांचे हवामान तासातासाला पाहा. ध्रुवाकडच्या मार्गावर इंधनाचे तापमान पाहा. जेट ए उणे ४० अंशांना गोठते, जेट ए-१ उणे ४७ अंशांना, आणि तापमान त्या सीमेच्या तीन अंश वर येऊन ठेपले तर खाली उतरावे लागते किंवा गती वाढवावी लागते. ‘इंजिन आत्ता गेले तर कुठे?’ या प्रश्नाचे उत्तर सतत तयार ठेवायचे, हेच या विमानांच्या वैमानिकाचे मधल्या तासांतले काम आहे, आणि मला ते उड्डाण-अवतरणापेक्षाही अधिक गुंतवून ठेवते.

वेळ कमी असेल तर कालगती (सिम्युलेटरमधला वेळ पुढे सरकण्याचा वेग) वाढवायला हरकत नाही, पण सरळ मार्गावरच आणि चौपटीच्या आत ठेवा. त्यापुढे ऑटोपायलट डोलू लागतो आणि वळणे चुकतात. पीएमडीजीच्या ७७७मध्ये उतरणीच्या प्रारंभबिंदूवर आपोआप थांबण्याची सोय आहे, तीही उपयोगी पडते. व्हॅटसिमवर (जिथे खरी माणसे ऑनलाइन हवाई नियंत्रण करतात) मात्र नियंत्रक हजर असेल तिथे त्याच्या परवानगीशिवाय कालगती वाढवता येत नाही, आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ कॉकपिट सोडून जाता येत नाही.

सुरुवात शॅनन–गँडरनेच करा. पश्चिमेकडे जाताना ते साधारण चार-साडेचार तासांचे उड्डाण आहे, आणि समुद्र ओलांडण्याचे सगळे टप्पे त्यात येतात. पहिल्या वेळी काहीही बिघडवू नका, फक्त इंधनाची नोंद ठेवा. दुसऱ्या वेळी समान-वेळ बिंदूच्या दहा मिनिटे आधी एक इंजिन बंद करा, आणि परत शॅननला जायचे की पुढे गँडरला, हे वारा आणि हवामान पाहून स्वतः ठरवा.