समुद्र न पाहिलेली मुलगी आणि नौदलाचे अधिकारपद

सप्रेम नमस्कार.

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. अकरावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या कन्येने नौदलप्रमुख होण्याचा ध्यास घेतला आहे, पण दारव्हा तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या, समुद्रही न पाहिलेल्या मुलीला ते साधेल का. आणि त्यासाठी शेत गहाण ठेवून खासगी अकादमीची फी भरावी का?

समुद्र पाहिलेला नसणे ही अडचण नव्हे. ३० एप्रिल २०२४ रोजी नौदलप्रमुख झालेले ॲडमिरल दिनेशकुमार त्रिपाठी हे मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यातले. त्या जिल्ह्यालाही समुद्र नाही. १ जुलै १९८५ रोजी ते अधिकारी झाले, संपर्क आणि इलेक्ट्रॉनिक युद्धतंत्र या विषयांत तज्ज्ञ झाले, ‘विनाश’, ‘किर्च’ आणि ‘त्रिशूल’ या युद्धनौकांची कमान त्यांनी सांभाळली आणि पुढे पूर्व ताफा, केरळमधील एझिमलाची नौदल अकादमी व पश्चिम नौदल कमान अशा जबाबदाऱ्या पार पाडत सर्वोच्च पदापर्यंत पोहोचायला त्यांना जवळपास ३९ वर्षे लागली. कमांडरपर्यंतची बढती साधारणपणे सेवेच्या वर्षांनुसार मिळते. कॅप्टनपासून पुढे मात्र निवड होते आणि तेथे अनेक उत्तम अधिकारीही मागे राहतात. म्हणून माझे मत असे, की तिने आज युद्धनौकेची कमान हे ध्येय ठेवावे. ते आता मुलींच्याही आवाक्यात आहे : लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांच्याकडे २०२३ मध्ये ‘आयएनएस त्रिंकट’ची कमान सोपवली गेली.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, दारे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर मुलींसाठी उघडली. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. यूपीएससीची लेखी परीक्षा ९०० गुणांची असते, त्यातले ३०० गणिताचे. एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या अधिकारी निवड मंडळाची, मुलाखतही ९०० गुणांची. निवड झाल्यावर तीन वर्षे खडकवासला आणि नंतर एझिमला येथील प्रशिक्षणाचा खर्च शासन करते. जेईई मेनच्या गुणवत्तेवर थेट एझिमलाला बी.टेक.साठी जाण्याचाही मार्ग आहे, म्हणून तिने तो अर्जही भरावा.

शेत गहाण ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. एनडीएच्या परीक्षेच्या अर्जाचे शुल्कही मुलींना माफ आहे. अकरावी-बारावीचे गणित पक्के करणे, जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवणे, रोज धावणे आणि इंग्रजीतून बोलण्याचा सराव करणे, हे सारे गावात राहून करता येते. पोहणे प्रबोधिनीत शिकवतात.

नातेवाईक आतापासूनच स्थळे सुचवत आहेत, असे आपण लिहिले आहे. एनडीएसाठी उमेदवार अविवाहित असावा लागतो आणि प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत विवाह करता येत नाही, एवढे त्यांना स्पष्ट सांगावे.

आणखी एक काम याच महिन्यात करावे. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात तिची नजर आणि विशेषतः रंग ओळखण्याची क्षमता तपासून घ्यावी, कारण रंग ओळखण्यात दोष निघाला तर नौकेवरील कमानीचा मार्ग बंद होतो आणि ते आताच कळलेले बरे.